हुतात्म्यांचं नाणं आणि चहाचं झाकण

"तापलं! तापलं!" शिंपीकाका हात झटकत ओरडले. त्यांच्या तळहातावरच्या नाण्यातून पांढुरकी राख उगवत होती, आणि सभागृहभर हात जोडले जात होते.

नाणं खरंच स्वातंत्र्यलढ्यातलं. भूमिगत सरकारनं पाडलेलं. तांबं काडतुसांना लागायचं, म्हणून ॲल्युमिनियमचं. खिशात सापडलं तर थेट तुरुंग. आमच्याकडे घरोघरी ते जपलेलं. आता जो तो ते घेऊन गावात नव्यानं आलेल्या महाराजांपुढे रांगेत.

"हुतात्मे जागे झाले!" महाराज तुपाळ आवाजात म्हणाले. "राख जिभेवर ठेवा. औषधं बंद!"

माझ्या धाकट्या जावेनं फिट येणाऱ्या लेकीच्या गोळ्या बंद केल्याच होत्या. आज पहिली चिमूट द्यायला ती पोरीला मांडीवर घेऊन बसलेली.

"ताई, आज तुम्ही काही बोलू नका हं."

नसतेही बोलले. पण महाराजांनी हातमोजे चढवून पुढचं नाणं ओल्या फडक्यानं घासलं आणि मला शिसारी आली. माझे सासरे नाणी जमवायचे. "सूनबाई, डाग राहू दे, फडकं लावायचं नाही," हा त्यांचा दंडक. आणि हा प्रत्येक नाणं घासूनच देत होता!

"महाराज, माझं न पुसता द्या."

"अशुद्ध नाण्यात हुतात्मे येत नाहीत, माते."

"फासावर गेले तेव्हा कुणी पुसून घेतलं होतं त्यांना?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. कोपऱ्यात भक्तांच्या चहाचं पातेलं होतं. मी तिथला चिमटा उचलला, हात न लावता महाराजांचं फडकं ओढलं आणि पातेल्याच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर खसाखसा घासलं. थोड्याच वेळात झाकणावर राख फुलली.

"घ्या! चहाच्या झाकणातही हुतात्मे!"

शिंपीकाकांनी बोट लावलं. "अरेच्चा, हेही तापलं की!"

जावेची चिमूट पोरीच्या ओठांपाशी थबकली. मी तिचा हात खाली ओढला. महाराज मागच्या दारानं हात धुवायला गेले, ते गेलेच.

फडकं डब्यात घालून आम्ही पोरीसकट डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून, फडकं पाहून सांगितलं, "फडक्यावर पाऱ्याचा विषारी क्षार असणार. घासला की ॲल्युमिनियम तापतं, त्याची राख होते. ही पोटात गेली असती तर मूत्रपिंडं निकामी झाली असती."

जावेनं तिथंच पेलाभर पाणी मागून लेकीला फिटची गोळी दिली.

ज्या नाण्यापायी माणसं तुरुंगात गेली, त्याचंच विष करून लेकरांना चाटवणाऱ्याची मला किळस येते. बायांनो, हात जरूर जोडा. पण त्याआधी एवढंच विचारा: न पुसता होतं का?