मागं सरा, अक्का

"अक्का, अजून जरा मागं सरा," फोटोवाला नंदीश म्हणाला, तेव्हा शिवम्माची पाठ अंगणातल्या पाण्याच्या टाकीला टेकली होती. हातात हळदीची वाटी होती आणि मोनिकाच्या गालाला तिची बोटं नुकती कुठं लागली होती. तिनं वाटी चुलतीकडं दिली आणि टाकीपाशीच उभी राहिली. फोटोवाल्याला त्याचं काम कळत असणार, असं तिला वाटलं.

नवरी मोनिका तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मोनिका रांगत होती आणि शिवम्मा दहावीत. तिच्या ओठांच्या कडेला, बोटांवर कोडाचे पांढरे डाग तेव्हाच उमटू लागले होते. पुढं ते गालावर, मानेवर पसरले. स्थळं यायची आणि चहा न घेताच उठायची. शेवटी तिनंच वडिलांना सांगून पाहुण्यांचं येणं बंद केलं आणि शिलाई मशीन घेतली. मुरूम गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी ती शिवायची. वडील गेल्यावरही त्याच मशीनवर मोनिका बीएस्सी झाली आणि मधला भाऊ दिग्विजय खताच्या दुकानाला लागला.

दुपारी नंदीशनं ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि बायका भोवती जमल्या. फोटो देखणे होते. टाकी, भिंतीचा उखडलेला गिलावा, दोरीवरची गोधडी, सगळं मागं विरघळून गेलं होतं. दारावरच्या झेंडूच्या माळांचे नुसते केशरी गोळे झाले होते आणि त्यांच्यापुढं मोनिका अशी उठून दिसत होती, की पापणीवरचा हळदीचा कणसुद्धा कळावा. शिवम्मालाही कौतुक वाटलं. मग तिला फोटोंत एक हिरवा धूसर पट्टा दिसू लागला. प्रत्येक फोटोत तो मोनिकाच्या मागं होता. ती तिचीच इरकल साडी होती. चुलती, मामी, शेजारणी आळीपाळीनं पुढं आल्या होत्या, प्रत्येकीचा एक तरी स्वच्छ फोटो होता. तिचा एकही नव्हता.

बायका जेवायला गेल्यावर तिनं नंदीशला विचारलं. तो आधी कामाचं सांगू लागला.

"मागचं पुसट केलं की माणूस उठून दिसतंय, अक्का. भिंत वंगाळ असली तर ती बी झाकून जातीया."

"मी भिंत हाय व्हय?"

नंदीशनं लॅपटॉप मिटला. खाली बघत त्यानं सांगून टाकलं, की अक्का फोटोत राहू दे पण तोंड दिसू देऊ नको, असं दिग्विजयदादांनी बजावलंय.

दिग्विजय मागच्या खोलीत गॅसची टाकी बदलत होता. शिवम्मानं दार लोटून घेतलं. तो दचकला नाही, उलट समजावू लागला. मोनिकाच्या सासूनं सुपारीच्या वेळीच बोलून घेतलं होतं. त्यांच्या घरी दोन पोरी लग्नाच्या होत्या, अल्बम सोलापूरभर पाहुण्यांत फिरणार होता.

"तुला फोटोत घिऊच नका म्हनत हुते ते," तो म्हणाला. "मीच म्हनलो, न्हाय, मागं ठिवू."

हे त्यानं उपकार सांगावेत तसं सांगितलं.

"मोनिकाला ठावं हाय?"

दिग्विजय खाली वाकून रेग्युलेटर बसवत राहिला. रेग्युलेटर केव्हाच बसला होता.

राग शिवम्माला नवा नव्हता. चहा टाकून उठणाऱ्या पाहुण्यांचा राग तिला आला होता, तिच्या हातचा प्रसाद पदरात घेऊन पुढं कुत्र्याला घालणाऱ्या बाईचा आला होता. पण ती परकी माणसं होती. त्यांच्यावरचा राग मशीनवर बसलं की उतरायचा. हा उतरेना. तिनं रुखवत लावलं, पाहुण्यांना वाढलं, सगळं केलं, पण दात आवळलेलेच होते. संध्याकाळी मोनिका वेणी घालून घ्यायला पुढ्यात बसली. शिवम्मानं पेड इतके ओढले, की पोर कळवळली.

"अक्का, दुखतंय."

"दुखू दे."

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात नंदीश दिवे लावत होता, तिथं ती गेली. मागचं स्वच्छ आणि पुढचं पुसट असा फोटो निघतो का, म्हणून तिनं विचारलं. निघतो, तो म्हणाला, जिथं नजर धरावी ते स्वच्छ येतं. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो घाबरला. दादा गावात राहू देणार नाहीत म्हणाला.

"कालचे समदे त्येच्या म्हनण्यानं काढलेस. आज येक माझ्या म्हनण्यानं काढ."

अक्षता पडल्यावर घरच्यांचा फोटो घ्यायला सगळे स्टेजवर आले. पिवळ्या शालूतली मोनिका, नवरा, सासू, फेटा बांधलेला दिग्विजय. त्यानं शिवम्माला हातानंच मागची जागा दाखवली. ती मागं गेली आणि नवरानवरीच्या मधल्या फटीत उभी राहिली. गालावर नेहमी ओढलेला असायचा तो पदर तिनं खाली घेतला आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं. नंदीश बराच वेळ भिंगाची कडी फिरवत होता. पुढची माणसं तोवर हसत राहिली.

अल्बम आला तेव्हा दिग्विजयनं स्टुडिओत जाऊन आरडाओरडा केला आणि तो फोटो काढून टाकायला लावला. शिवम्माशी तो बोलेनासा झाला. तिनं नंदीशकडून त्याच फोटोची मोठी प्रत करून घेतली आणि मशीनच्या वरच्या भिंतीवर लावली. पुढं चार माणसांचे नुसते रंग, आणि मधोमध एक बाई. तिचे डाग, पिकलेले केस, इरकलीचा काठ, सगळं लख्ख. पोलकी टाकायला येणाऱ्या बायका बघायच्या. फोटो बिघडलाय, असं एकजण म्हणाली.

पंचमीला मोनिका माहेरी आली. पोलक्याचं कापड घेऊन ती मशीनपाशी आली आणि फोटोसमोर थांबली.

"मी कुटं हाय ह्यात, अक्का?"

"पिवळं दिसतंय न्हाय का, ती तू."

मोनिका रडू लागली. सासूनं काय अट घातली होती, दादा काय म्हणाला, लग्न कसं मोडलं असतं, ते सगळं सांगू लागली. शिवम्मानं ते पुरतं ऐकून घेतलं.

"येकदा तरी बोलायचं हुतंस," ती म्हणाली. "मोडलं तर मोडू दे, म्हनायचं हुतंस. म्या मोडू दिलं नसतंच. पर तू म्हनायचं हुतंस."

मोनिका मान खाली घालून उभी राहिली. शिवम्मानं गळ्यातली टेप काढली आणि तिच्या खांद्यांवरून घेतली.

"मान वर कर," ती म्हणाली. "माप चुकतंय."