आठ नंबरचा कोड

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे हिरवे साहेब म्हणतो. भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळे जॉब, म्हणजे मशीनवर चालणारी कामं, हिरवे दिसले की त्यांना जेवण गोड लागतं. आत काय जळतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मेनफ्रेम, म्हणजे आमचं मोठं मशीन, कोसळलं की आमचे रिकव्हरी जॉब बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करतात. उभा केलेला डेटाबेस धड आहे का, हे बघणारी एक पायरी जुन्या जॉबमध्ये होती, पण कुणीतरी ती बंद करून ठेवली होती. आमच्याकडे नवा जॉब कुणी लिहीतच नाही. जुन्याची कॉपी मारायची, खाणाखुणा पुसायच्या, झालं. त्यामुळे बंद पायरी सगळ्या जॉबमध्ये पोचली होती. त्या अज्ञात गाढवाला शिव्या घालत मी आठवडाभर खपून तपासणीचं नवं टूल बसवलं आणि सकाळी पहिल्यांदा चालवलं.

आमचा डेटाबेस म्हणजे मूत्रपिंडासाठी थांबलेल्या माणसांची यादी. त्यात माझा दादाही आहे. तीन वर्षं झाली.

जॉब लाल झाला. कोड आठ, म्हणजे तपासणीत चूक सापडली.

"कसलं टूल आणलंयस हे?" साहेब म्हणाले. "आठ आला तरी पुढे जाऊ दे, अशी अट घाल. दुपारी वरचे लोक येतायत."

"टूल बरोबर आहे, साहेब. यादी मोडलीय. अकरा नावं अनुक्रमणिकेत आहेत, पण त्यांच्या माहितीची पानंच नाहीत. गेल्या वर्षीच्या रिकव्हरीपासून."

"हजारांत अकराच ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग त्या अकरा जणांना तुम्हीच जाऊन सांगा ना, हजारांत तुम्ही अकराच म्हणून!"

सगळी खोली माना खाली घालून कीबोर्ड बडवत राहिली. मी रागारागाने ते अकरा नंबर छापून घेतले.

सातवा नंबर दादाचा होता.

तो मला तोंडपाठ आहे. दर महिन्याला वहिनी फोन करते, मी स्क्रीनवर बघून सांगते, "आहे नाव." पण स्क्रीन फक्त अनुक्रमणिका दाखवते. मूत्रपिंड आलं की ते कुणाला जुळतं हे ठरवणारा जॉब पान उघडून बघतो. दादाचं पानच नव्हतं. वर्षभर तो रांगेत नव्हताच, आणि मी त्याला सांगत होते, धीर धर.

आता मला ती पायरी बंद करणारा माणूस हवाच होता. आमच्यात बदललेल्या प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला बदलणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं आणि तारीख असते. कॉप्यांमध्ये ती पुसलेली असतात, म्हणून मी गेल्या वर्षीचा मूळ जॉब शोधून काढला.

अक्षरं माझी होती.

तारीख बघितली आणि सगळं आठवलं. डायलिसिस चालू असताना दादाला भोवळ आली होती, वहिनी फोनवर रडत होती, लगेच ये म्हणत होती. तपासणीला चाळीस मिनिटं लागणार होती. मी पायरी बंद केली, जॉब मशीनवर लावून दिला आणि पळाले. पायरी उद्या परत चालू करू म्हटलं होतं. तो उद्या आलाच नाही.

"घातलीस का अट?" साहेब मागे येऊन उभे राहिले.

"तसलं काम मी गेल्या वर्षीच केलंय, तपासणीच बंद करून. आज नाही घालणार. लाल राहू दे, बघू दे वरच्यांना."

ते काहीतरी ओरडले. मी ऐकलं नाही. जुन्या टेपवरून पानं परत आणता येतील, ते मी आजच करीन. गेलेलं वर्ष आणता येणार नाही. मी वहिनीला फोन लावला.

"अगं, आज तूच केलास?" तिच्या आवाजात एकदम आशा आली. "नंबर लागला का?"

"नाही. वहिनी, दादाला फोन दे. मला त्याच्या शिव्या खायच्यात."