भरतीची गल्ली

मार्नी लेहटो छप्पन्न वर्षांची होती आणि त्यातली सव्वीस वर्षं तिनं अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलुथमध्ये, शाळेची बस चालवली होती. बर्फात, धुक्यात, सरोवरावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात. बस एकदाही रस्ता सोडून गेली नाही. मग एका मार्च महिन्यात, सकाळी अंडं फोडता फोडता, तिला फीट आली. शुद्धीवर आली तेव्हा ती फरशीवर होती आणि गॅसवर रिकामा तवा तापून धूर काढत होता. दोन महिन्यांत तसं आणखी दोनदा झालं. गाडीचा परवाना गेला, त्याच्यामागून नोकरी गेली. तिच्या घरापासून किराणा चार मैल, दवाखाना सहा मैल. गाडी नसलेल्या माणसानं तिथं खिडकीशी बसून राहावं, एवढंच.

खिडकीशी बसल्या बसल्या तिला दक्षिणेतलं, समुद्रकाठचं चार्ल्सटन आठवायला लागलं. नवरा असताना दोघं एकदाच तिकडे गेली होती, दोन दिवसांसाठी. त्या दोन दिवसांत गाडीची किल्ली खिशातून बाहेर निघाली नव्हती. सकाळी बंदर, दुपारी बाजार, संध्याकाळी कुठल्या तरी बागेच्या कुंपणापाशी चमेलीचा वास घेत नुसतं उभं राहणं, सगळं पायी. तिनं घर विकलं, बँकेचं देणं फेडलं, उरलं ते घेऊन दक्षिणेला आली. बंदरात फेरफटका मारणाऱ्या बोटींच्या तिकीट खिडकीवर तिला कामही मिळालं.

घर मात्र मिळेना.

ती पुलापलीकडे राहत होती, महामार्गाला लागून असलेल्या, आठवड्याच्या भाड्यानं खोल्या देणाऱ्या मोटेलमध्ये. तिथं पायी चालायला वाट नव्हती. गवताची एक कड होती, तिच्यात गाड्यांच्या फुटक्या दिव्यांच्या काचा पडलेल्या. बस तासाला एक. ती चुकली की मार्नी त्या कडेवर उभी राहायची आणि बाजूनं जाणारे ट्रक तिचा झगा फडफडवत जायचे.

सुट्टीच्या दिवशी ती शहरात येऊन गल्ल्या पालथ्या घालायची. घरं होती, शेकड्यानं होती. गुलाबी, पिवळी, पिस्त्याच्या रंगाची, रस्त्याला खांदा लावून उभी असलेली, अंगाला लांबच लांब व्हरांडे. पण जवळ गेलं की दाराच्या मुठीला आकड्यांची छोटी पेटी लटकलेली दिसायची, आत किल्ली. म्हणजे पाहुण्यांचं घर. दोन रात्रींना पर्यटक देतात तेवढं भाडं मार्नीला महिन्याला परवडलं असतं. चाकांच्या बॅगा खडखडत यायच्या, खडखडत जायच्या, आणि मधल्या वेळात त्या घरांत कुणी नसायचं. तिला वाटायचं, आपण झोपेत चालतोय आणि हे शहर कुणीतरी नुकतंच रिकामं करून गेलंय.

एकदा एक खोली जवळपास ठरली होती. मालक बरा वाटला, म्हणून तिनं फीटचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, खोली आताच गेली म्हणून. दारावरची 'भाड्याने देणे'ची पाटी पुढे महिनाभर तशीच होती. तेव्हापासून कुणी विचारलं, गाडी का नाही, तर ती सांगायची, "डोळे."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ती एका ओळखीच्या रस्त्यावरून अनोळखी गल्लीत वळली आणि थांबली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. तरी गल्लीभर पाणी होतं. हाताच्या तळव्याएवढं खोल, स्वच्छ, अजिबात न हलणारं. त्यात दोन्ही बाजूंची घरं उलटी उभी होती. पाण्याखाली रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसत होता आणि त्या पट्ट्यावरून बोटाएवढे मासे ओळीनं चालले होते.

हे आपण आधी पाहिलंय, असं मार्नीला वाटलं, आणि ती घाबरली. फीट येण्याआधी तिला हमखास असंच व्हायचं. सगळं ओळखीचं वाटायला लागायचं. तिनं एका कुंपणाला घट्ट धरलं आणि वाट पाहिली. काही झालं नाही. मासे कोपऱ्यावर वळून गेले. तिला ही जागा नुसती आवडली होती.

"पाण्यात काही पडलंय का तुझं?" वरून आवाज आला.

कुंपणाच्या आत पाच पायऱ्या चढून एक व्हरांडा होता, छत फिकट निळ्या रंगाचं. तिथं एक काळी, उंच, हडकुळी म्हातारी कठड्यावर पाय टाकून बसली होती. मांडीवर भांडं, भांड्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा.

"नाही, बघतेय नुसती. पाईप फुटलाय का?"

"समुद्र फुटलाय," म्हातारी म्हणाली. "पौर्णिमेची भरती. गटारातून वर येतो, तीन तास बसतो, चहा न घेता जातो. तुझी गाडी कुठं लावलीस? खालच्या अंगाला असेल तर पळ."

"गाडी नाही."

"घरी ठेवून आलीस?"

"मला गाडीच नाही. चालवता येत नाही आता. डोळे."

म्हातारी दाणा तोंडात टाकता टाकता थांबली. "म्हणजे तू चालत फिरतेस? रोज?"

"हो."

"वर ये पोरी. बूट काढ, पाय वाळव."

तिचं नाव इसोला ग्रिम्बॉल. वय एक्क्याऐंशी. सगळे तिला मिस इसोला म्हणत. घर तिच्या वडिलांनी बांधलेलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या वर्षभर रिकाम्या होत्या, कारण तीन भाडेकरूंच्या तीन गाड्या समुद्रानं खाल्ल्या होत्या.

"शेवटचा कोर्टात कारकून होता," मिस इसोला सांगत होत्या. "सांगून सांगून थकले, बाबा, गाडी वरच्या रस्त्यावर लाव. म्हणाला, हवामानखात्यानं पाऊस सांगितलेला नाही. सकाळी गाडीत सीटवर खेकडा. रडला हो बिचारा. मी त्याला सूप दिलं, ते प्यायला आणि सामान बांधून गेला."

"पाहुण्यांना का नाही देत?"

"माझ्या भाच्यानं देऊन पाहिलं. अटलांटाला असतो, फार हुशार. पहिल्याच पाहुण्यांनी लिहिलं, घर सुंदर आहे, पण घरमालकीण आणि समुद्र दोघंही न विचारता आत येतात." त्या जराशा हसल्या. "महिन्याला सातशे डॉलर देशील?"

मार्नीनं मनात हिशोब केला. मोटेलला ती त्याच्या दुपटीहून जास्त देत होती.

"देईन. तिकीट खिडकी इथून किती लांब?"

"माझ्या चालीनं की तुझ्या? तुझ्या चालीनं बारा मिनिटं."

मार्नी त्याच आठवड्यात राहायला आली. एक सुटकेस, एक दिवा, एक घोंगडी. वरच्या खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसायचा आणि सकाळी भिंतींवर उजेड हलत राहायचा, कारण खाली पाणी असायचं किंवा नुकतंच गेलेलं असायचं. गुडघ्याएवढे रबरी बूट घालून ती निघे, हातात कोरडे बूट, कोपऱ्यावर बदलायचे. बेकरी, औषधांचं दुकान, ग्रंथालय, सगळं पायाखाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणाला विचारल्याशिवाय कुठंही जाता येत होतं. चालता चालता ती कधी कधी हसायची, आणि पर्यटक तिच्याकडे पाहून हसायचे.

जिन्यापाशी रोज संध्याकाळी पुठ्ठ्याचा तुकडा टांगलेला असे. मिस इसोला भरतीचं वेळापत्रक पाहून त्यावर लिहीत: उद्या ११ ते २ पाणी. अक्षरं एवढी मोठी की एका पुठ्ठ्यावर दोनच शब्द मावायचे, मग दुसरा पुठ्ठा, मग तिसरा. मार्नीला वाटे, म्हातारीला दिसत नसेल.

नोव्हेंबरात वर्षातली सगळ्यात मोठी भरती आली. व्हरांड्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी चढलं. कोपऱ्यावरच्या रस्त्याला पोलिसांनी अडसर लावले. गल्लीत इतकी शांतता होती की पलीकडच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मार्नी बूट हातात घेऊन जिना उतरत होती. खाली मिस इसोला बसल्या होत्या, त्यांची पाठ, निळं छत, पाण्यावरचं ऊन. हे आपण आधी पाहिलंय, तिला वाटलं. या वेळी ते थांबलं नाही. ती शेवटच्या दोन पायऱ्यांवर खाली बसली, तेवढंच तिला करता आलं.

जाग आली तेव्हा ती व्हरांड्यावर कुशीवर होती. डोक्याखाली खुर्चीची उशी, गालाला तिचा खरखरीत स्पर्श. कुणीतरी तिच्या दंडावर हात ठेवून हलक्या आवाजात बोलत होतं, खूप वेळ बोलत असावं. कुठल्या तरी मावशीची, कोळंबीच्या जाळ्याची गोष्ट होती. मार्नीला आपलं नाव आठवत नव्हतं आणि त्याची काही गरजही वाटत नव्हती.

"तीन मिनिटं," मिस इसोला अखेर म्हणाल्या. "घड्याळ लावलं होतं. पाच झाली असती तर अग्निशामकवाल्यांची होडी बोलावणार होते. जीभ ठीक आहे का बघ."

"ठीक आहे."

"माझ्या भावाला होतं हे. लहानपणापासून मीच धरायची त्याला." त्या थांबल्या. मग आवाज बदलला. "म्हणजे डोळे नाहीत."

मार्नीनं मान हलवली.

"डोळे ठणठणीत आहेत तुझे?"

"हो."

"आणि मी महिनाभर हातभर अक्षरं काढतेय. मनगट गेलं माझं. कोपऱ्यावरच्या दुकानात पुठ्ठे मागायला गेले तर तो म्हणाला, घर बांधताय का."

मार्नीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. "मागं एकदा खरं सांगितलं तर खोली गेली होती."

"त्याला सांगितलंस. मला नाही." मिस इसोला काठी टेकत उठल्या आणि आत गेल्या. दार बंद झालं.

दोन दिवस जिन्यापाशी पुठ्ठा नव्हता. भरतीच्या वेळा मार्नीनं बोटीच्या कचेरीतून विचारून आणल्या. तिनं सुटकेस पलंगाखालून काढली, उघडली, आणि तिच्याशेजारी बसून राहिली. खाली गल्लीत पाणी येत होतं, जात होतं. तिला राग आला नव्हता. एखादं स्वप्न ओसरायला लागलं की माणूस डोळे मिटूनच पडून राहतो, तशी मग ती पलंगावर पडून राहिली.

शनिवारी संध्याकाळी ती खाली उतरली तर पुठ्ठा होता. बारीक, तिरकं, शाळेतल्या बाईंसारखं अक्षर: 'रविवारी दहापर्यंत कोरडं. मला चर्चला जायचं आहे. आठ गल्ल्या. तू चालतेसच. गोळ्या कुठं असतात ते लिहून दे.'

मिस इसोलांच्या दारात जाऊन मार्नीनं विचारलं, "भाचा नेत नाही तुम्हाला?"

"सणाला येतो. एरवी सहा वर्षं मी रेडिओवर प्रार्थना ऐकतेय. एकटीनं इतकं लांब चालायला भीती वाटते, पडले तर. आता तू पडलीस तर मी आहे आणि मी पडले तर तू. दोघी एकदम पडलो तर लोक बघतील काय ते."

सकाळी नऊला त्या निघाल्या. मिस इसोलांनी पिवळी टोपी घातली होती. एक हात काठीवर, दुसरा मार्नीच्या दंडात. ओकच्या झाडांवरून राखाडी शेवाळ्याच्या जटा लोंबत होत्या आणि सावली इतकी दाट होती की रस्ता पाण्याखाली असल्यासारखा वाटत होता. दर गल्लीला त्या कुणाच्या तरी पायरीवर बसत.

"हे बर्टीचं. केस विंचरून द्यायची, सगळ्या गल्लीचे." दाराला आकड्यांची पेटी. "ते हिरवं, दोघं भाऊ, मासेवाले. रविवारी इथून तळणीचा वास यायचा, प्रार्थनेत लक्ष लागायचं नाही." पेटी. "इथं माझी शाळेतली मैत्रीण. तिनं मला सायकल शिकवली, याच उतारावर. तिच्या मुलांनी विकलं." पेटी.

तेवढ्यात ते दार उघडलं आणि एक जोडपं बॅगा घेऊन बाहेर आलं. पायरीवर बसलेल्या दोघी बायका पाहून ती दोघं दचकली. "कुणाला शोधताय का?"

"नाही बाळ," मिस इसोला म्हणाल्या. "दम खातोय. तुम्ही बसा हवं तर, जागा आहे."

ती दोघं खरंच क्षणभर घुटमळली, मग बॅगा खडखडत गेली.

मार्नीला एकदम कळलं, आपण ज्या रस्त्यांवर भाडं परवडेल अशी एक खोली शोधत हिंडत होतो, त्याच रस्त्यांवरून एकेक करून ही सगळी माणसं उठून गेली होती. तिनं मिस इसोलांचा दंड नीट धरला.

चर्च पांढरं आणि लहान होतं. अंगण गाड्यांनी गच्च भरलेलं, वाटेवरही गाड्या. लोक आता दूर दूर राहायचे, पुलांपलीकडे, तासाच्या अंतरावर, आणि रविवारी तेवढे इथं यायचे. दारातल्या बायकांनी मिस इसोलांना पाहिलं आणि गराडा घातला.

"मिस इसोला! कुणी सोडलं तुम्हाला? गाडी कुठं लावलीत?"

"चालत आले."

"चालत? कुठून?"

"घरातून," मिस इसोला म्हणाल्या. "ही मार्नी. माझ्याकडे वर राहते. हिला फीट येतात, तेव्हा घाबरू नका, कुशीवर ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. आणि हिला मधला बाक द्या, कडेचा नको."

बायकांनी मार्नीकडे पाहिलं. एकीनं तिच्या हातातली पिशवी घेतली, दुसरीनं पंखा दिला, पुठ्ठ्याचा, लाकडी दांडीचा. तिसरी म्हणाली, "पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतरच्या जेवणाला भात मी आणणार आहे. लाल भात चालतो का तुला?"

"चालतो," मार्नी म्हणाली. तिनं तो कधी खाल्ला नव्हता.

आत गाणं सुरू झालं होतं. दोघी मधल्या बाकावर जाऊन बसल्या. मिस इसोलांनी काठी बाकाखाली सरकवली, टोपी सारखी केली आणि पहिल्या ओळीपासून, पुस्तकात न बघता, गायला लागल्या. उंच खिडक्यांतून ऊन तिरकं येत होतं. मार्नीला शब्द येत नव्हते. ती पंखा हलवत राहिली, आधी स्वतःला, मग दोघींना पुरेल असा.