डब्यातला आंबा

फाल्गुनाचं ऊन माळावर उतरलं होतं. पिवळं, प्रखर, निर्दय. गवताच्या सुवर्णशुष्क पात्यांतून वारा शीळ घालत होता. त्या वृक्षहीन, छायाहीन विस्तारावर धरणग्रस्तांची वसाहत पत्र्यांच्या पाठी तापवत पडली होती. दारात झाड नाही. एकाही दारात नाही.

नळाला करंगळीएवढी धार नाही, आणि मंदा शेलार पुराच्या भयानं रात्र रात्र जागी! हसू नका. तिच्या बापानं, आबांनी, फळांनी लगडलेला रायवळ आंबा धरणाच्या पाण्यात जिवंत बुडताना पाहिला होता. आधी बुंधा, मग फांद्या, मग शेंडा. त्या नीलकृष्ण जलानं आबांची झोप गिळली, मग लेकीची. तेव्हापासून घरात दंडक: दारात फळझाड लावायचं नाही.

डॉक्टरांनी मंदाला गोळ्या दिल्या. गोळीनं डोळे मिटतात, आतलं पाणी ओसरत नाही, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

तालुक्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशक शकिला मुलाणी यांनी मात्र वेगळंच विचारलं. "ताई, ही भीती तुमच्या घरात आधी कुणाची होती?" आणि भर उन्हात माळ तुडवत त्या घरी आल्या.

दारात मंदाची लेक जुई तेलाच्या डब्यात कोय रुजवून बसली होती. ताम्रवर्णी, कोवळी, थरथरती पानं.

"डब्यात का गं लावलंस?" शकिलाबाईंनी विचारलं.

"पाणी आलं की उचलून पळता येतंय न्हवं! एवढंबी कळत न्हाई तुमास्नी?"

कुणी शिकवलं नव्हतं तिला. कुणीच नाही. मंदा पांढरीफटक पडली.

मंदा उठली. पहार घेतली. दारातल्या मुरमावर घाव. घाव. आणखी घाव. ठिणग्या आणि घाम.

"मंदे, बुडंल गं त्ये!" ओट्यावरून आबा ओरडले.

"डब्यात ऱ्हायलं तर बुडायच्या आधीच मरंल, आबा!"

काय छाती त्या बाईची! दोन पिढ्यांचं जलभय अंगावर घेऊन ती उन्हात उभी होती, तेजस्विनी, धूलिधूसर. तिनं डबा उलटा करून ठोकला, गुंतलेली मुळं बोटांनी हळूहळू सोडवली आणि मातीच्या स्वाधीन केली.

काठी टेकत आबा आले. इतकी वर्षं ज्या पाण्याला भ्याले, ते पाणी त्यांनी तांब्यातून मुळाशी सोडलं. बारीक धारेनं, जपून. पानं थरथरत होती, आणि तहानलेली माती पीत होती, पीत होती.