सहावं डबडं

केवळाबाई परत आली तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब मल्हारीनं मेंढरांमागं हिंडता हिंडता पक्का करून ठेवला होता. स्वतः थापलेल्या करपट भाकरीऐवजी आयती गरम भाकरी. तिच्या बापानं दिलेल्या आणि तिच्यासोबत माहेरी, चारठाण्याला गेलेल्या बारा मेंढ्या. शिवाय "बायको नांदत का न्हाई?" असं विचारणाऱ्यांची तोंडं बंद. बदल्यात द्यायचं एकच होतं. मेहुण्यासमोर खंडोबाचा भंडारा उचलून त्यानं शपथ घेतली होती, की तीन अमावास्या दारूला शिवणार नाही. दोन पार पडल्या होत्या, तिसरीला चार दिवस उरले होते. इतका स्वस्त सौदा त्याला जन्मात मिळाला नव्हता.

शहाऐंशीचा चैत्र होता. माणिकरावांचा पुतण्या बन्सीधर पूर्णेच्या रेल्वेत भरती व्हायचा नाद सोडून सौदीला वायरमन म्हणून गेला होता, तो सुटीवर आला. येताना त्यानं बियरची सहा डबडी आणली. माणिकराव गावातले मोठे बागायतदार. बैठक त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यासमोरच्या कडुलिंबाखाली, भर दुपारी बसली. मल्हारीची मेंढरं खतासाठी त्यांच्याच वावरात बसवलेली, म्हणून तोही तिथंच होता.

"यात दारू न्हाई बरं का," बन्सीधरनं आधीच सांगून टाकलं. "तिकडं बंदी हाय. काढून घेतलेली असती."

"काढून कुठं ठिवत्यात?" माणिकरावांनी विचारलं आणि डोळा मारला. कस्टमवाल्यांना सांगायची गोष्ट पोरगं घरातही सांगायलंय, असं त्यांना वाटलं.

"काका, खरंच न्हाई."

"न्हाईच म्हण. आमी बी न्हाईच म्हणू."

मल्हारीनं मनात दोन्ही बाजू मांडल्या. दारू नसेल तर शपथ शाबूत. असेल तर खोटं बोलल्याचं पाप बन्सीधरच्या माथी. आपल्या खिशातलं काही जात नव्हतं. त्यानं एक डबडं घेतलं, बन्सीधरनं एक, माणिकरावांनी तीन.

तिसऱ्या डबड्याला माणिकरावांची जीभ जड झाली. सगळ्या गड्यांसमोर त्यांनी मल्हारीच्या गळ्यात हात टाकला. "मल्ल्या, तू माझा पाठचा भाऊ. उन्हाळाभर तुझी मेंढरं माझ्या हिरीचं पाणी पितील. कुणी अडवलं तर मला सांग." मग त्यांना रडू आलं. मल्हारीही मागं राहिला नाही. त्यानं मेहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, बांधावरून दोनदा घसरला आणि शेवटी बैलगाडीखाली आडवा झाला.

बातमी एसटीनं चारठाण्याला गेली आणि तिसऱ्या दिवशी एसटीनंच केवळाबाई आली. ती थेट आखाड्यावर येऊन उभी राहिली. डोक्यावरचं बोचकं तिनं उतरवलं नाही. ते जमिनीला टेकलं तर ती राहणार, नाही तर पाचच्या गाडीनं परत, हे मल्हारीला कुणी सांगायची गरज नव्हती.

माणसं जमली. माणिकरावांचीही अडचण होती. ऐन उन्हाळ्यात दीडशे मेंढरांना पाणी म्हणजे त्यांच्या उसाच्या तोंडचं पाणी. "नशेतलं बोलणं धरायचं नसतं," ते म्हणाले. "डबड्यात दारू होती. मला चढली की."

चढली असेल तर मल्हारीची शपथ मोडली. नसेल तर मालकांना शब्द पाळणं भाग. बन्सीधरनं उरलेलं सहावं डबडं आणून त्यावरचं इंग्रजी वाचलं. "शेकडा अर्ध्याहून कमी, असं लिवलंय."

"म्हंजी हाय," माणिकराव म्हणाले.

"तेवढी तर शिळ्या आंबिलीत बी असंल," केवळाबाई म्हणाली. "आणा हिकडं."

तिनं बोचकं बन्सीधरच्या हातात दिलं. "खाली ठिवू नका." मग पदर सावरून सगळ्यांदेखत डबडं संपवलं. "एवढं कडू हौसेनं पितात?" कुणीतरी हसलं, आणि तिच्याकडं बघून थांबलं.

दोन घागरी घेऊन ती माणिकरावांच्या विहिरीत उतरली. घागरीवर घागर घेऊन, हात न लावता, दगडी पायऱ्या चढून वर आली. थेंब सांडला नव्हता.

"बाईमाणसाला उशिरा चढती," माणिकराव म्हणाले.

"थांबूत की मग." तिनं आणखी सहा खेपा केल्या. मेंढरांची डोण काठोकाठ भरली. "मालक, हे तुमच्या शब्दाचं पाणी."

माणिकरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि उसाकडं बघत बसले.

"शपथ मोडली न्हाई, तेवढं खरं," केवळाबाई नवऱ्याला म्हणाली. मल्हारीनं बोचकं घ्यायला हात पुढं केला. "मंग तुमी कशानं झिंगलता?"

मल्हारीनं रिकाम्या डबड्याकडं बघितलं. तिथून काही मदत मिळाली नाही.

"अकरा वर्सं सांगायलाव, म्या न्हाई, दारूनं हात उचलला. म्या न्हाई, दारू बोलली. परवा माझ्या भावाला शिव्या कुणी दिल्या?"

मल्हारीनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"म्या," मल्हारी म्हणाला.

केवळाबाईनं बन्सीधरच्या हातातलं बोचकं घेतलं आणि खाली ठेवलं.

बन्सीधरची सहा डबडी गेली. माणिकरावांचं पाणी गेलं, तेही मिरगापर्यंतच. केवळाबाईची मान दोन दिवस दुखली. मल्हारीचं एक वाक्य गेलं. अकरा वर्षं त्याचा सगळा संसार त्या वाक्यावर चालला होता.