शेणाचा मान

गोरक्ष बोरस्ते टेनिस खेळायला उभे राहिले की चेंडूलाच घाम फुटतो, असं क्लबात म्हणत. म्हणणारे बहुतेक जण बोरस्त्यांच्याच पैशाचा चहा पीत असत, ही गोष्ट वेगळी. पण फटका जबरदस्त होता, यात शंका नाही. माणूस लासलगावच्या मार्केटातला कांद्याचा व्यापारी. उंचापुरा, हात लांब. त्यांनी उजव्या हातानं मारलेला चेंडू जाळीवरून असा सुटायचा की समोरचा आधी बाजूला व्हायचा आणि मग रॅकेट पुढं करायचा. पुष्कळदा तो चेंडू रेषेच्या आत पडायचा. पुष्कळदा तो कुंपणापलीकडच्या द्राक्षबागेत पडायचा. बोरस्ते शेठ फक्त आत पडलेले लक्षात ठेवत. माणसानं तसंच राहावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी खेळायला तोंड कसं दाखवणार?

आणि असा हा माणूस दर वर्षी अंतिम सामन्यात एकाच माणसाकडून हरत आला होता. सहादू पगारे मास्तरांकडून.

पगारे मास्तर शहरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत. अंगानं काटकुळे, पायात कॅनव्हासचे बूट, हातात जुनी लाकडी रॅकेट. फटका म्हणावा असा एकही त्यांच्याजवळ नव्हता. सर्व्हिस इतकी हळू की ती येईपर्यंत समोरच्याला कपाळाचा घाम पुसता यावा. पण चेंडू परत यायचा. कुठंही मारा, कसाही मारा, मास्तर तुरुतुरु धावत जायचे, रॅकेट आडवी धरायचे आणि चेंडू उंच, संथ, अगदी मधोमध परत. बोरस्ते पुन्हा जोर लावायचे. चेंडू पुन्हा परत. पाचव्या-सहाव्या वेळी शेठचं पित्त खवळायचं, ते सगळ्या ताकदीनिशी हाणायचे आणि चेंडू द्राक्षबागेत. मास्तर शांतपणे म्हणायचे, "जरासा लांब गेला, शेठ." त्या 'जरासा'वर बोरस्त्यांचा फार राग होता.

वर पुन्हा खेळ संपला की तारेखालून वाकून बागेत शिरायचे आणि वेलींच्या बुंध्यात हरवलेले चेंडू शोधायचे ते मास्तरच. बोरस्ते तोवर लिंबूपाणी पीत बसत. चेंडू काय, नवा डबा फोडता येतो.

आता नुसतं हरण्याचं काय, माणूस पचवतो. पण या क्लबात एक रीत होती. गंगापूर रोडवरचं ते कोर्ट मुरमाचं. रोलर फिरवायचा, पाणी मारायचं आणि दर पंधरवड्याला शेणानं सारवायचं, तेव्हा कुठं चेंडू सरळ उसळायचा. पूर्वी कधीतरी शेण कुणी आणायचं यावरून सभासदांत भांडण जुंपलं होतं. तेव्हा सेक्रेटरी कुलथे वकिलांनी तोडगा काढला, की दिवाळीनंतरच्या अंतिम सामन्यात जो हरेल त्यानं वर्षभर शेण आणायचं आणि सारवायला पहिला हातही त्यानंच लावायचा. वकिलांनी त्याला नाव दिलं 'शेणाचा मान'. नाव भारदस्त असलं की माणूस मुकाट्यानं काम करतो, हे वकिलाला बरोबर ठाऊक.

तर हा मान सतत बोरस्त्यांच्या घरात. मोटारीच्या डिकीत घमेली टाकून ते पहाटे मखमलाबादच्या गोठ्यांवर जात. लासलगावपर्यंत बातमी पोचली होती. लिलावाला उभे राहिले की एखादा हमाल हळूच विचारायचा, "शेठ, औंदा बी शेण तुमच्याकडंच ना?"

"यंदा नाय," बोरस्ते म्हणायचे. दर वर्षी म्हणायचे.

त्यांनी उपाय काय कमी केले? एका वर्षी आणखी जोरात मारून पाहिलं. द्राक्षबागेचा मालक भांडायला आला. एका वर्षी जाळीजवळ धावून जायचं ठरवलं. मास्तरांनी चेंडू डोक्यावरून असा अलगद टाकला की शेठ मागं वळून बघतच राहिले. मग मुंबईहून धातूची रॅकेट मागवली. ती चमकायची फार छान.

आणि त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यात गुडघा सुजला. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि सांगितलं, "एवढा दिवाळीनंतरचा सामना खेळा. मग बंद. नाहीतर काठी घ्यावी लागेल."

बोरस्ते घरी येऊन झोपाळ्यावर बसले ते उठेचनात. बायको लंकाबाईंनी चहा आणून ठेवला. तो निवला.

"गुडघ्याचं एवढं काय मनाला लावून घेता?" त्या म्हणाल्या.

"गुडघ्याचं नाय गं. पगारे मास्तरांना एकदा तरी हरवायचं होतं. एकदाच. आता हा शेवटचा सामना. हे राहिलं तर जन्मभर डोक्यात राहील." एवढं बोलून त्यांचा आवाज बसला, आणि बेचाळीस गोण्यांचा ट्रक उलटला तरी न हलणाऱ्या माणसाचा आवाज टेनिसपायी बसावा याचं लंकाबाईंना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः क्लबात गेल्या. नवऱ्याचा आणि मास्तरांचा सरावाचा खेळ बाकावर बसून शेवटपर्यंत पाहिला. परतताना मोटारीत म्हणाल्या, "अहो, एक विचारू? मार्केटात पहिल्याच ट्रॅक्टरवर बोली लावता का तुम्ही?"

"येडी का काय? पहिला माल बघून न बघितल्यासारखं करायचं. कंटाळल्यासारखं आभाळाकडं बघायचं. समोरच्याला आधी घाई होऊ द्यायची."

"मग कोर्टावर काय होतं तुम्हाला? पहिल्याच चेंडूवर तुटून पडता. मास्तर बिचारे काहीच करत नाहीत. तुम्हीच तुम्हाला हरवता आणि ते उभे राहून बघतात."

बोरस्त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मग म्हणाले, "हे तू आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही आधी कधी विचारलं? आणि दुसरं, मास्तर कायम मागच्या रेषेवर असतात. त्यांना पुढं बोलवा की. जाळीपाशी अलगद टाका."

"अलगद? मी?"

लंकाबाई सायखेड्याच्या शाळेत असताना रिंग टेनिसमध्ये तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट शेठना त्या दिवशी पहिल्यांदा कळली. मग परसात कपडे वाळवायच्या दोरीच्या अल्याड-पल्याड दोघं उभे राहू लागले. नऊवारी खोचून लंकाबाई रबरी कडं फेकायच्या. आता मागं जाणार, आता मागं जाणार असं वाटता वाटता ते दोरीलगत शेठच्या बाजूला पडायचं आणि शेठ तोंडघशी. शेजारच्या फुलाबाई गच्चीवर पापड घालायच्या निमित्तानं रोज वर येऊ लागल्या. एवढे पापड त्यांच्या घरात खात कोण होतं, देव जाणे.

"मनगट सैल सोडा," लंकाबाई ओरडायच्या. "कांद्याची गोणी नाही ती!"

हळूहळू मनगट सैल झालं. जीभ मात्र सैलच होती. शेठ सगळ्यांना सांगत सुटले, की यंदा शेणाची घमेली पगारे मास्तरांच्या सायकलला बांधणार.

अंतिम सामन्याच्या दिवशी झाडून सगळा क्लब गोळा झाला. कुलथे वकील पंचांच्या उंच खुर्चीवर चढले. लासलगावहून दोन व्यापारी आले होते, ते येताना रिकामं घमेलं घेऊनच आले. कोणासाठी ते बोलले नाहीत.

खेळ सुरू झाला आणि लोक बुचकळ्यात पडले. मास्तरांनी उंच, संथ चेंडू पाठवला. शेठनी तो उंच, संथ परत केला. मास्तरांनी पुन्हा. शेठनी पुन्हा. मध्येच शेठनी कंटाळल्यासारखं आभाळाकडं पाहिलं. चेंडू घड्याळाच्या लंबकासारखा इकडून तिकडं, तिकडून इकडं. पहिल्या रांगेतले लोक आधी माना फिरवत होते, मग त्यांनी फक्त डोळे फिरवायला सुरुवात केली.

"अरे मारा की कोणीतरी!" मागून एक जण ओरडला.

शेठचा हात शिवशिवत होता. चांगला छातीएवढ्या उंचीवर चेंडू यायचा, अंगातला जुना बोरस्ते म्हणायचा, हाण! पण समोरच्या बाकावर लंकाबाई बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा लिलावाच्या दिवशी शेठचा असायचा तसा कोरा होता. शेठ हात आवरायचे. आणि मग, अगदी अचानक, मनगट सैल सोडून चेंडू जाळीपाशी टाकायचे.

पहिल्यांदा मास्तर जागचे हललेच नाहीत. त्यांनी चेंडूकडे असं पाहिलं, जणू वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलानं अचानक नकाशा बरोबर काढून दाखवला. दुसऱ्यांदा ते धावत आले, पोचले, तर शेठनी चेंडू त्यांच्या डोक्यावरून मागं टाकला. पुढं, मागं, पुढं, मागं. मास्तरांचे कॅनव्हासचे बूट धुळीनं माखले.

तरी पहिला सेट मास्तरांनीच घेतला; चिवट माणूस, सहजासहजी हटणारा नव्हे. दुसरा शेठनी ओढून आणला. तिसऱ्यात शेठचा गुडघा ठणकायला लागला आणि प्रत्येक चेंडूला ते मनात म्हणू लागले, एवढा एक, देवा, एवढा एक. ऊन उतरलं. चहा दोनदा फिरला. कुलथे वकिलांना खुर्चीवर डुलकी लागली, त्यांना हलवून गुण विचारावा लागला. आणि शेवटी गुण असा निघाला की आता हा एक मिळाला तर सामना शेठचा.

तो गुण काही संपेना. अखेर शेठचा एक चेंडू चुकून उंच आणि आखूड गेला, कोर्टाच्या बरोबर मधोमध. लहान पोरानंही परतवावा असा. मास्तर चेंडूखाली आले. आता ते रॅकेट आडवी धरणार आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं, असं सगळ्यांना वाटलं. पण मास्तरांनी रॅकेट मागं नेली, आणखी मागं नेली, दात ओठ खाल्ले आणि आयुष्यात कधी मारला नाही असा फटका हाणला.

चेंडू शेठच्या डोक्यावरून, रेषेवरून, कुंपणावरून गेला आणि द्राक्षबागेत खोल कुठंतरी दिसेनासा झाला.

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग वकील जागे होऊन ओरडले, "बाहेर! सामना बोरस्ते!" आणि एकच गिल्ला झाला. घमेलं वाजायला लागलं. शेठ लंगडत जाळीपाशी गेले. त्यांच्या ओठांवर कित्येक वर्षं राखून ठेवलेलं वाक्य होतं.

"जरासा लांब गेला, मास्तर."

मास्तर त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते चेंडू गेला त्या दिशेनं बघत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की हरलं कोण, असा प्रश्न पडावा.

"शेठ," ते म्हणाले, "आज तुम्ही खेळलात, मी असाच खेळतो? इतकं वैताग आणणारं?"

"इतकी वर्षं काय सांगतोय मग मी!"

"जीव नकोसा झाला हो. शेवटी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, एकदा हाणून तर बघू." ते थोडं थांबले. "मी शाळेच्या भिंतीवर शिकलो, शेठ. एका साहेबांनी बदली होऊन जाताना रॅकेट दिली होती, आणि एक चेंडू. एकच. भिंतीपलीकडं नाला. जोरात मारला आणि गेला, की खेळ संपला. म्हणून कधी मारलाच नाही. पुढं चेंडू मिळाले, पण हात काही ऐकेना. आज ऐकला बघा."

इतकी वर्षं या माणसाला बोरस्ते मनातल्या मनात भित्रा म्हणत आले होते. आणि आपण किती डबे फोडले, किती चेंडू त्या बागेत फुंकले, ते त्यांना एकदम आठवलं. लाज वाटली. स्वच्छ लाज.

"चेंडू आणतो," मास्तर सवयीनं तारेकडे निघाले.

"तुम्ही थांबा," शेठ म्हणाले, आणि गुडघा सांभाळत स्वतःच तारेखालून आत शिरले.

"अहो!" लंकाबाईंनी हाक मारली. "हार घालायचाय तुम्हाला! कुठं निघालात?"

शेठ तोवर वेलींच्या बुंध्याशी हातापायावर आले होते. नवा पांढरा शर्ट मातीत गेला. अंधारून यायला लागलं होतं. चार ओळी धुंडाळल्यावर हाताला काहीतरी मऊ लागलं. ते चेंडू घेऊन बाहेर आले, तर तारेपाशी मास्तर उभेच होते. शेठनी चेंडू त्यांच्या हातात ठेवला. मास्तरांनी तो सदऱ्याला पुसून खिशात टाकला.

"म्हणजे आता तुम्ही खेळ सोडणार," ते म्हणाले. "कुलथे वकील सांगत होते, गुडघ्याचं."

जिंकायच्या नादात जिंकल्यानंतरचं शेठनी पाहिलंच नव्हतं. उद्यापासून संध्याकाळी पाच वाजता करायचं काय? त्यांनी कोर्टाकडे पाहिलं. दिवसभराच्या धावपळीनं ते पार उखडून गेलं होतं.

"उद्या सारवावं लागेल," ते म्हणाले.

"हो, मान आता माझ्याकडं आहे. गोठा कुठला ते फक्त सांगा."

"सांगून नाय कळायचं, मास्तर. उशीर झाला तर गाईचं संपतं आन म्हशीचं पदरात पडतं, कोर्टाला ते बसत नाय. मी पहाटे गाडी घेऊन येतो." शेठनी पँटीवरची माती झटकली. "खेळ बंद करायला सांगितलाय डॉक्टरांनी. सारवायचं काय बोलले नाहीत ते."