अंजनवेलच्या लेकीचा संदर्भ

माझी बायको प्रेमला शाळेत मराठी शिकवायची आणि शाळा सुटल्यावर संशोधन करायची. मी लोट्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. आठवड्याच्या सुट्टीला रत्नागिरीला घरी आलो की माझं एक काम ठरलेलं असायचं. तिच्या लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असे. ती मी मोठ्यानं वाचायची आणि तिनं हातातल्या प्रतीवर खूण करत जायचं. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव, मग पूर्णविराम. स्वल्पविराम वाचायचा राहिला तर ती थांबवायची. म्हणायची, "अहो, तोसुद्धा वाचा. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव नीट घ्यायला नको?"

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली. सकाळी डबा भरताना ओट्यापाशी पडली, ती पुन्हा बोलली नाही. मी तेव्हा निवृत्त होऊन घरीच होतो, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

ती गेली तेव्हा तिचा शेवटचा लेख एका पुस्तकासाठी मंजूर झालेला होता. आमच्या गुहागर तालुक्यातल्या वाडीत बायकांनी रचलेल्या ओव्यांवर तो होता. आमची वाडी बौद्धांची. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर घराघरातले देव खाडीत सोडले, तशी जात्यावरची जुनी गाणीही सुटली. मग बायकांनी स्वतःची नवी रचली. प्रेमलानं चार उन्हाळे वाडीत बसून ती उतरवून घेतली आणि प्रत्येक ओवीखाली रचणारीचं पूर्ण नाव घातलं.

या मार्चमध्ये अक्षयाचा फोन आला. ती कॉलेजात शिकवते, प्रेमलाच्या हाताखाली तयार झालेली. म्हणाली, काका, पुस्तक छापायला जातंय, बाईंचा लेख आहे, पण संपादक सरांनी थोडी दुरुस्ती केली आहे, वारस म्हणून तुमची सही लागेल. मी म्हटलं, आधी दुरुस्ती बघू दे.

बघितली. बायकांची नावं सगळी काढलेली. त्यांच्या जागी 'पारंपरिक लोकगीत, रचनाकार अज्ञात'. आणि लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओवी,

पाटी घेतली लेकीला, खडू मागते मी एक
घास कमी खाईन गं, मी अंजनवेलची लेक

तिच्याखाली प्रेमलानं 'गमरे, गोदूबाई' असं लिहिलं होतं. तिथं आता सरांच्याच एका जुन्या पुस्तकाचं नाव होतं, पान क्रमांकासकट.

मी कॉलेजात गेलो. सर वाईट बोलले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला, प्रेमलाबद्दल चार चांगले शब्द काढले. मग समजावायला लागले की यादीत अकरा वेळा गमरे आलंय, बाहेरच्या तज्ज्ञाला वाटलं टायपिंगची चूक आहे. मी सांगितलं, अख्खी वाडी गमरे आहे, त्याला आम्ही काय करणार. ते म्हणाले, 'अंजनवेलची लेक' हा गाण्यातला एक ठराविक साचा असतो, ती कोणी खरी बाई नसते. मी म्हटलं, ती खरी आहे, तिला गुडघ्याचा त्रास आहे. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. पालशेतची ती पालशेतकरीण, अंजनवेलची ती अंजनवेलकरीण.

सर हसले. म्हणाले, "गमरे, लोकगीताला कर्ता नसतो. ते समूहाचं असतं."

"सर, जातं समूह ओढत नव्हता. गोदूकाकी ओढत होती."

मग त्यांनी नियम काढला. छापील संदर्भ मिळत असेल तर तोंडी धरत नाहीत. म्हणाले, ओवी माझ्या पुस्तकात आधी छापून आली आहे. मी विचारलं, तुम्हाला ती कोणी दिली. विद्यार्थ्यांनी गोळा करून आणली होती. त्यांना कोणी दिली? ते म्हणाले, आता इतक्या वर्षांनी ते कसं सांगणार.

मी उठलो. सांगितलं, "एक अक्षर बदलणार नाही. छापायचं तर तिनं लिहिलंय तसं छापा. नाहीतर तिचा लेख मला परत द्या."

अक्षया जिन्यापर्यंत आली. काका, हे बाईंचं शेवटचं लेखन आहे, असं अडवू नका, म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. त्या पुस्तकात लेख नसेल तर प्रेमलाची चार वर्षं कपाटात जाणार होती. बसमध्ये बसेपर्यंत तेच डोक्यात होतं. पण सही केली असती तर घरी जाऊन तिच्या खुर्चीसमोर बसायची माझी हिंमत झाली नसती.

ऑगस्टमध्ये वर्ष भरलं. वाडीच्या बुद्धविहारात स्मृतिदिन ठेवला. आमच्याकडे कार्यक्रम झाला की शेवटी माइकवरून नावं पुकारतात. खुर्च्या कोणाच्या, हार कोणाकडून, चहाचं दूध कोणी घातलं, सगळं पूर्ण नावानिशी. नाव राहिलं तर पुढची पाच वर्षं तो माणूस बोलून दाखवतो. मंडळाचा निलेश पुकारत होता. त्याचं झालं तसा मी माइक मागितला. म्हटलं, प्रेमलाला या वाडीनं जे दिलं त्याची यादी तिनं करून ठेवलीय. ती सरांनी खोडली. मी इथं पुकारतो.

घरी वाचायचो तशीच वाचली. गमरे, स्वल्पविराम, सगुणा, पूर्णविराम. आधी पोरं हसली. मग बायका आपापली ओवी आली की पदर सारखा करायला लागल्या. जिचं नाव यायचं ती इकडेतिकडे बघायची, ऐकलं ना सगळ्यांनी.

पाटीची ओवी आली. मी म्हटलं, गमरे, स्वल्पविराम, गोदूबाई.

पुढच्या रांगेतून गोदूकाकी उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला वेळ लागला.

"थांब रे दत्ताराम. ती ओवी माझी नाय."

माइक माझ्या हातात तसाच होता. ज्या नावासाठी मी सरांशी भांडलो ते नावच सांगत होतं की मी नाही.

"मग कोणाची, काकी?"

"हिची. चिमीची."

चिमाकाकी मागे भिंतीला टेकून बसलेली. ती गोदूकाकीची जाऊ आणि तीही अंजनवेलचीच. एक थोरली अंजनवेलकरीण, एक धाकटी. वाडीत सगळ्यांना ठाऊक. प्रेमलालाही ठाऊक होतं, पण ओवीच्या वेळी तिनं दुसरीला विचारलं नाही.

गोदूकाकी म्हणाली, "बाय विचारायला आली, ही अंजनवेलकरणीची ना? मी म्हटलं, हो, अंजनवेलकरणीचीच. त्यात खोटं काय बोलले मी?"

"आणि तू गप्प का राहिलीस?" मी चिमाकाकीला विचारलं.

"मला कोणी विचारलान? तिच्या घरात पंखा हाय. बाय तिथंच बसायची."

विहारात हशा पिकला. गोदूकाकीही हसली. म्हणाली, जिवंतपणी नाव चोरलं तर मेल्यावर हीच माझ्या छातीवर बसेल. चिमाकाकी म्हणाली, बसेन.

मला हसू आलं नाही. मी एक अक्षर बदलणार नाही म्हणालो होतो. कागदावर प्रेमलाचं अक्षर होतं, आणि तिचं अक्षर खोडायचं म्हणजे तिला पुन्हा थोडं पुसायचं. मग तिचंच बोलणं आठवलं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव. निलेशकडून पेन घेतलं, सगळ्यांसमोर गोदूबाई खोडलं आणि वर चिमा लिहिलं. माइकवरून पुन्हा वाचलं. गमरे, स्वल्पविराम, चिमा, पूर्णविराम.

दुसऱ्या आठवड्यात ती प्रत घेऊन सरांकडे गेलो. छपाई अजून अडकलेली होती. त्यांनी खाडाखोड बघितली. म्हणाले, "बघा, म्हणून तोंडी संदर्भ धरत नाहीत. चूक निघाली ना? आणि तुम्ही तर एक अक्षर बदलणार नव्हता."

"बदललं. जिची ओवी तिच्या जावेनं सांगितलं म्हणून. आमची चूक निघाली कारण आम्ही नाव लिहिलं होतं. अज्ञात लिहिलं की चूक कधीच निघत नाही, सर."

त्यांनी कागद परत एकदा चाळले. मग म्हणाले, नियम मला एकट्याला बदलता येत नाही. मी लेख परत घेतला. त्यांचं पुस्तक प्रेमलाशिवाय निघालं.

मी चिपळूणच्या एका छापखान्यात लेखाची पुस्तिका करून घेतली. मुद्रितं मी आणि अक्षयानं मिळून तपासली. मी वाचायचो, ती खूण करायची. एकदा स्वल्पविराम वाचायचा राहिला, तिनं थांबवलं, आणि मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. वाडीत घरटी एक प्रत दिली. चिमाकाकीनं दोन मागितल्या, एक अंजनवेलला भावाकडे पाठवायला. कॉलेजच्या ग्रंथालयात अक्षयानं दाखल करून घेतली. पाठीवर नंबरची चिठ्ठी लागली, कपाटात सरांच्या पुस्तकाच्या वरच्याच फळीवर आहे.

आता ते छापील आहे. सरांच्याच नियमानं ते धरावं लागेल. पाटीची ओवी ज्याला वापरायची असेल त्यानं खुशाल वापरावी, पण खाली चिमाकाकीचं नाव घालावं आणि ते कोणाच्या लेखातून घेतलं तेही लिहावं. गमरे, स्वल्पविराम, प्रेमला, पूर्णविराम. मला आता दुसरं काम नाही. मी ग्रंथालयात जाऊन नवी पुस्तकं उघडून शेवटची पानं बघत असतो.